डार्करूमची अडगळ आणि लेकीचा हट्ट

प्रश्न : मिरजेजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. डिजिटल आलं तशी डार्करूम मोडून अडगळीची खोली केली. बारावी झालेल्या मुलीनं तिथला जुना यशिका कॅमेरा काढला आणि आता "मी फिल्मवरच काम करणार" म्हणते. ज्या कामातून मी बाहेर पडलो, त्यात तिला कसं जाऊ देऊ?

उत्तर : नमस्कार. हायपोत (फोटो पक्का करणाऱ्या रसायनात) हात बुडवलेल्या माणसाला फिल्मचं कौतुक मी काय सांगणार! उटीच्या कारखान्याची 'इंदू' फिल्म तुम्हाला आठवत असेल. तो कारखाना बंद पडला. कोडॅकनं 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पण त्याच कोडॅकनं बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म 2018 मध्ये परत आणली, आणि पेंटॅक्सनं 2024 मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला. फिल्म आहे, पण हौसेपुरती. रोल, धुलाई, स्कॅन धरून खर्च हजारापुढे जातो आणि यशिका मोठ्या (120) रोलची असेल तर एका रोलवर फोटो बाराच. लग्नाच्या ऑर्डरीत हे बसत नाही, ते तिला वहीवर मांडून दाखवा. (ऐकेलच असं नाही.)

मला रस आहे तो तुमच्या अडगळीत. जुने निगेटिव्ह चांदी काढणाऱ्याला विकले नाहीत ना? नसतील तर लेकीला एक डबा उघडायला सांगा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा पाया कुजतोय; तो डबा वेगळा ठेवायचा. कृष्णधवल निगेटिव्ह सहसा टिकतात, रंगीत आधी उडतात. सुती हातमोजे घालून तिनं स्कॅन करावं आणि कुणाचं लग्न, कोणतं साल, हे तुम्ही सांगावं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईचं 2014 पासूनचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन चित्रपटांसाठी करतं ते जतनाचं काम याच जातीचं. तिथं फिल्म आणि संगणक दोन्ही कळणारी माणसं लागतात. जागा मात्र मोजक्याच, म्हणून पदवी हवीच. चित्रकलेचा हात असेल तर मुंबईच्या जे. जे. कला संस्थेची उपयोजित कला. नसेल तर कोणतीही पदवी, मग पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत सिनेमॅटोग्राफी (चित्रपटाचं छायाचित्रण) किंवा एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइन. या दोन्हींना आधी पदवी लागते. तोवर लग्नसराईत डिजिटल कॅमेरा घेऊन ती तुमच्याबरोबर उभी राहू दे. रोलचे पैसे त्यातूनच काढायचे, हे आधीच ठरवून टाका.

तो पहिला डबा मात्र पावसाळ्याआधी उघडा. बुरशी त्याच दिवसांत धरते.