केंद्रीय समाजकल्याण मंडळ सरकारी खातं होतं की एनजीओ?

धड दोन्ही नाही. ऑगस्ट 1953 मध्ये सरकारने ते स्थापन केलं ते सेवाभावी संस्था आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून. पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख (तेव्हाचे अर्थमंत्री, आपल्या सी. डी. देशमुखांच्या पत्नी, लग्नही 1953 चंच). पहिल्या पंचवार्षिक योजनेत अशा संस्थांना मदत म्हणून 4 कोटी ठेवले होते, ते वाटायचे कोणी, हा खरा प्रश्न होता; ते काम या मंडळाकडे आलं. राज्यांतल्या मंडळांच्या तर नावातच ‘सल्लागार’ होतं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते मंडळाचे कंडेन्स्ड कोर्स (कमी वेळात पुरे होणारे अभ्यासक्रम): शाळा सुटलेल्या बाईला दोनेक वर्षांत मॅट्रिकला बसता यायचं. 1969 मध्ये मंडळाची ‘ना नफा’ कंपनी म्हणून नोंदणी झाली. धर्मादाय आयुक्तांशी मात्र गल्लत करू नका. ट्रस्टची नोंदणी आणि हिशेब तपासणं हे त्यांचं काम.