मणक्याची इजा आणि प्रोबायोटिक: दह्याच्या आधी कल्चर रिपोर्ट

ताई, तुमचा भाऊ लोकलमधून पडला, डी-४ ला (छातीमागच्या चौथ्या मणक्याला) मार, आता घरी आहे, ताप आला की अँटिबायोटिक आणि त्यामागोमाग जुलाब, मग प्रोबायोटिक (पोटाला चांगले असे जिवंत जिवाणू) द्यावं का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. आमच्या ह्यांचं डी-५. मी डॉक्टर नाही, घरी सगळं करणारी बायको आहे. तेव्हा औषधाचं काहीही बदलण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

प्रोबायोटिकने मज्जारज्जू वाचतो असं तुम्ही जे वाचलंत, ते बहुतेक ओहायो स्टेट विद्यापीठाचं २०१६ चं काम. ते उंदरांवरचं आहे. मणक्याला इजा झाली की आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बिघडतो. ज्या उंदरांना आधीच अँटिबायोटिक देऊन तो बिघडवला होता, ते इजेनंतर कमी सावरले. ज्यांना इजेनंतर रोज लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दिले, त्यांची मागच्या पायांची हालचाल जास्त सुधारली. माणसांत इतकं काही सिद्ध झालेलं नाही. इंग्लंडमध्ये मणक्याच्या पेशंटना अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक पेय दिलं, तेव्हा पहिल्या अभ्यासात जुलाब बरेच कमी झाले, नंतरच्या मोठ्या अभ्यासात फरक दिसला नाही. म्हणून महागडी कॅप्सूल 'नस जोडते' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

माझं मत विचाराल तर पोटातले चांगले जिवाणू वाढवण्याआधी, आहेत ते विनाकारण मारले जात नाहीत ना, ते बघा. कॅथेटर (लघवीची नळी) वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बहुतेक वेळा सापडतातच. ताप नाही, अंगातला ताठरपणा वाढलेला नाही, मधेच गळती नाही, तर फक्त रिपोर्टमध्ये जंतू दिसले किंवा वास आला म्हणून अँटिबायोटिक सहसा लागत नाही. आणि लागलंच तर आधी कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत आणि ते कुठल्या औषधाला दाद देतात, ती तपासणी), मग गोळी.

आमचं घोडं इथेच अडलं. ज्या मोठ्या हॉस्पिटलमधून ह्यांना सोडलं (नाव लिहीत नाही), तिथे डिस्चार्ज पेपरवर 'नॉर्मल डाएट' आणि एका गोळीचं नाव, बस्स. शेवटचा कल्चर रिपोर्ट जोडलेलाच नव्हता. रेकॉर्डच्या खिडकीवर गेले तर 'वॉर्डात विचारा', वॉर्डात 'फाइल खाली गेली', पुन्हा खाली तर 'साहेब जेवायला गेलेत'. ट्रेनचे धक्के खात परत यायचं आणि घरी ह्यांचा ताप तसाच. तोवर नव्या डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी अंदाजाने औषध दिलं. रिपोर्ट हातात आला तेव्हा कळलं, त्याच औषधाला जंतू दाद देत नव्हते! ताप गेला नाहीच, वर जुलाबांनी आधीच नाजूक झालेली पाठीखालची कातडी सोलवटली. त्या बेडसोअरने जे दिवस खाल्ले, ते कुठल्या दह्याने भरून येणार?

म्हणून तोंडी मागत बसू नका. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. अर्जात हे वाक्य घातलं की खिडकीचा सूर बदलतो, निदान आमच्या वेळी बदलला. घरी एका वहीत तारीख, औषध, किती दिवस घेतलं आणि पोटाचं काय झालं, एवढं लिहीत जा.

खाण्याचं म्हणाल तर घरच्या विरजणाचं दही, ताक खुशाल द्या. पण फोडणी घालून उकळलेली कढी, इडली, ढोकळा यांत जिवंत जिवाणू उरत नाहीत, ते चवीसाठी. प्रोबायोटिक डॉक्टरांनी दिलंच, तर अँटिबायोटिकच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवतात. आयसीयूत असताना किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असताना स्वतःच्या मनाने मुळीच नको. इसबगोलही एकदम चमचे भरभरून देऊ नका, मंदावलेल्या आतड्यात ते तुंबतं.

डी-४ आहे म्हणून मुद्दाम सांगते. डी-६ च्या वरच्या इजेत पोट किंवा लघवी तुंबली तर बीपी एकदम चढू शकतं. डोकं ठणकलं, चेहऱ्यावर घाम आला, तर लगेच बसतं करा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघा आणि डॉक्टरांना फोन करा.

भावाला कायमचं कॅथेटर आहे की दर काही तासांनी नळी घालून काढता, ते लिहा. नळी घालत असाल तर पाणी मोजून द्यावं लागतं, आणि इसबगोलला तर पाणी भरपूर लागतं, म्हणून ते द्यावं की नाही याचं उत्तरही बदलतं.