अल्सरेटिव्ह कोलायटिस नुसत्या पथ्यावर आटोक्यात राहतो का? रक्त थांबलंय, आता गोळ्या बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की वय २७, राहायला कोपरखैरणे, दोन महिन्यांपूर्वी कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) निघाला आणि आता रक्त थांबलंय. जेवण, योगासनं आणि आतड्यांची काळजी यावर भागेल का, असं विचारलंय. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मी केल्या होत्या.

मी ठाण्यात नौपाड्याला राहते, नोकरी ऐरोलीला. या आजाराला आता अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मेसालामाईनने, म्हणजे आतड्याची सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी, चार महिन्यांत छान वाटायला लागलं. शेजारच्या काकूंनी कुड्याच्या सालीचा काढा सुचवला, त्यांच्या भावाची आंव त्याने थांबली होती म्हणे. मी काढा सुरू केला आणि गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. अडीच महिने काही झालं नाही. मग एका सकाळी ठाण्याला वाशी गाडीची वाट बघत उभी असताना असा मुरडा आला की तशीच रिक्षा करून घरी परतले. त्या आठवड्यात दिवसाला दहा-दहा वेळा जावं लागलं, बरंचसं रक्तच. स्टिरॉइड सुरू झाली, वजन ५६ वरून ४५ वर आलं.

काकूंनी मायेनेच सांगितलं होतं. आंव आणि हा आजार वरून सारखे दिसतात, पण आंव जंतूंमुळे होते. इथे आपलीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटलेली असते. रक्त थांबलं तरी आतली सूज गेलेली असेलच असं नाही. ती कळायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी असते, डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा. औषध कमी करायचं का, हे त्यानंतर त्यांनाच ठरवू दे.

आता जेवणाचं. आजार उसळलेला असतो तेव्हाचं ताट वेगळं आणि शांत असतो तेव्हाचं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं. उसळलेला असताना मऊ भात, मुगाचं पातळ वरण, साल-बिया काढलेला दुधी, उकडलेला बटाटा, केळं, उकडलेलं अंडं. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, तिखट, तळण तेवढ्यापुरतं बंद. चूक पुढे होते. बरं वाटल्यावरही भीतीने माणूस तेच खात राहतो. मी दीड वर्ष वरण-भातावर काढलं आणि हिमोग्लोबिन ८.६ वर आलं. रक्त गेलं होतंच, त्यात पोटात लोहाचं काही जात नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी ती यादी बघून मला चक्क झापलं आणि एक वही घालायला लावली.

साधी दोनशे पानी वही. डाव्या पानावर काय खाल्लं, उजव्या पानावर किती वेळा गेले, रक्त होतं का, रात्री झोप किती. एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडासा, तीन दिवस. टोमॅटो आणि वांगं मी दीड वर्ष वाळीत टाकले होते, ते दोघे निर्दोष निघाले. वांग्याचं भरीत खाल्लं त्या दिवशी मला खरंच रडू आलं. त्रास होता दुधाचा, अगदी चहातल्यासुद्धा, आणि छोले-वाटाण्याचा. दही-ताक मात्र पचतं. खरा धक्का उजव्या पानाने दिला. महिनाअखेरीला ऑफिसात हिशेब जुळवायचे असतात आणि मी पाच तासांच्या आत झोपते. जेवण तेच, पण त्या दिवसांत फेऱ्या वाढलेल्या. त्याआधी मी दर वेळी आदल्या दिवशीच्या भाजीवर खापर फोडत होते!

माझी यादी तुम्हाला लागू पडेलच असं नाही, तुमची वही तुम्हीच लिहा. आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार, असलेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांचं पथ्य वेगळं असतं. त्यांचं आतडं कुठे अरुंद झालं असेल तर चोथ्याचे पदार्थ अडकू शकतात, आणि सिगारेटने क्रोन्स बळावतो.

आतड्यांच्या आरोग्याच्या नावाने मिळणाऱ्या महागड्या पुड्यांवर मी पैसे घालवत नाही. त्यापेक्षा बाहेरचं पाणी आणि उघड्यावरच्या चटण्या टाळते, कारण साध्या जंतुसंसर्गानेही आजार पुन्हा उसळू शकतो. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्यानेही उसळू शकतो. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब होत असतील आणि सोबत ताप किंवा धडधड असेल, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षं झाली की कॅन्सरच्या तपासणीसाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करावी लागते. माझ्या दोन झाल्या, दोन्ही स्वच्छ आल्या.

योगासनं जरूर करा. मी सकाळी तलावपाळीला चालते. पिशवीत एक जोड कपडे असतात, ते असले की गाडीत बसताना छातीत गोळा येत नाही.

घरचे संकष्टी सोडू देत नाहीत, असंही लिहिलंय तुम्ही. मी अजून धरते. दाण्याचं कूट आणि मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी मात्र बंद केली. त्याऐवजी वरीचा भात दह्याबरोबर, उकडलेलं रताळं आणि केळं. दिवसभर उपाशी राहत नाही, सकाळची गोळी रोजच्याच वेळेला घेते. सासूबाई सुरुवातीला गप्प होत्या. आता माझं रताळं त्याच उकडून ठेवतात.