भातात निळं-हिरवं शेवाळ टाकलं तर युरिया बंद करता येईल का?

पूर्ण बंद नाही, कमी नक्की करता येईल. हे शेवाळ हवेतला नत्र बांधून ठेवतं. हंगामात हेक्टरी साधारण 20 ते 30 किलो. म्हणजे युरियाची एक-दीड गोणी.

लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी एकरी 4 किलो सुकं शेवाळ खाचरातल्या साचलेल्या पाण्यात फोकून टाका. पाणी हलू देऊ नका, सगळी गंमत त्या पाण्यातच आहे. खाचर कोरडं पडलं की काम थांबलं. त्याच वेळी युरियाचा मोठा हप्ता दिलात तर शेवाळाला आयता नत्र मिळतो आणि ते हवेतला बांधायचं सोडून देतं (माणसासारखंच!). स्फुरद मात्र त्याला लागतं. कोकणातल्या आंबट जांभ्या जमिनीत ते जरा रुसतं, तिथे आधी माती तपासून चुना द्या.

शेवाळ मरून कुजलं की सेंद्रिय कर्ब वाढतो, त्याच्या चिकट स्रावाने मातीचे कण धरून राहतात. पण हा फरक दोन-तीन हंगामांनी दिसतो.

दुकानात बाटलीत मिळणारा समुद्री शेवाळाचा अर्क वेगळा. ते पिकाचं टॉनिक आहे, त्यात नत्र नावापुरताच असतो.