मागची स्प्रिंग, तिचा रबर आणि टायरचा तुकडा

प्रश्न : १९८७ ची वडिलांची प्रीमियर ११८ एनई गाडी दुरुस्त करतो आहे. मागची डावी बाजू २० मिलिमीटर खाली बसते. गावच्या मिस्त्रींनी स्प्रिंगखाली टायरचा तुकडा कापून घातला आहे. त्याऐवजी किती जाडीचा स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घालावा?
– एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : जाडी ठरवण्याआधी दोन्ही स्प्रिंगा काढून सपाट फरशीवर शेजारी उभ्या कराव्यात. डावी आखूड भरली तर ती थकली आहे, आणि थकलेल्या स्प्रिंगेला स्पेसर उंची देतो, ताकद नव्हे. सरकीची दोन पोती डिकीत पडली की गाडी पुन्हा बसेल. तेव्हा जोडीच बदलावी. दोन्ही सारख्या असतील तर अदलाबदल करून पाहावी. कल तरीही डावीकडेच राहिला तर दोष स्प्रिंगेत नाही, बहुधा स्प्रिंगेच्या टोकाच्या चेपलेल्या रबरात किंवा ती जिथे टेकते त्या गंजलेल्या बैठकीत आहे. पुढची एक बाजू बसल्यानेही मागचा कोपरा कललेला दिसतो, हे मिस्त्री सहसा विसरतात.

टायरचा तुकडा मात्र आजच काढावा. तो स्प्रिंगेच्या टोकाला नीट बसत नाही, त्याचे थर सुटतात आणि आर्वीच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर तो सरकू शकतो.

या गाडीत स्प्रिंग अखंड ॲक्सलवर (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या एकाच आसावर) असल्याने स्पेसरची जाडी जवळजवळ तेवढीच उंची देते. १० मिलिमीटरच्या पुढे जायचे असल्यास चाके लोंबकळत ठेवून ब्रेकचा होज (लवचीक नळी) ताणला जात नाही ना, हे तपासावे. बुशांचे (ॲक्सल धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करावेत, नाहीतर रबर पिळलेला राहून लवकर फाटतो.