स्कॅनमध्ये माझी प्रतिकारशक्ती दिसेल का?

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार, सुरू असलेल्या रुग्णांशी बोलताना एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. प्रश्न असा : "मॅडम, माझ्या शरीराची लढायची ताकद स्कॅनमध्ये दिसते का हो?"

सर्वांत हट्टाने तो विचारला एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). 'क्लिअर सेल' प्रकारच्या कर्करोगामुळे त्यांचे डावे मूत्रपिंड काढले होते आणि दोन वर्षांनी फुप्फुसांत गाठी दिसल्या होत्या. दर तीन आठवड्यांनी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध सलाइनमधून चालू होते, पहिला सीटी स्कॅन बारा दिवसांवर आला होता. खुर्चीत बसताच त्यांनी पिशवीतून गुळवेलीच्या काढ्याची बाटली आणि 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' पावडरीचे दोन डबे काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडले. मग पुतण्याने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. "गाठीतल्या सैनिक पेशी दाखवणारा स्कॅन निघालाय म्हणे. तो कुठं होतो तेवढं सांगा. पैशाचं मी बघतो." काकू हळूच म्हणाल्या, "हे रात्री उठून बसतात."

अशा वेळी नुसता धीर देणे मला पटत नाही. भीतीखाली बहुधा एखादी चुकीची समजूत असते आणि ती नेमकी माहिती मिळाल्याशिवाय हलत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्यांच्या डॉक्टरांकडून सगळे समजून घेऊन पुढच्या भेटीत मी ते काकांना सांगितले. नेहमीच्या सीटीत गाठीचा आकार आणि तिचा रक्तपुरवठा दिसतो, पेशी दिसत नाहीत. साखरेसारखे द्रव्य टोचून करतात तो पेट स्कॅन मूत्रपिंडापाशी अडखळतो, कारण ते द्रव्य लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रपिंडही उजळून निघते. व्हिडिओतला स्कॅन निराळा आहे : सीडी-८ या लढाऊ पेशींना चिकटणाऱ्या प्रथिनाला झिर्कोनियम-८९ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून ते शिरेतून देतात आणि त्या पेशी शरीरात कोठे जमल्या आहेत हे पाहतात. साध्या सीटीच्या चित्रातला गाठीचा पोत संगणकाने मोजून तेच ताडण्याचेही प्रयत्न चालू आहेत. बायोप्सीत गाठीचा एक कण मिळतो, चित्रात सगळ्या गाठी एकदम येतात, म्हणून डॉक्टरांना याचे आकर्षण आहे. मात्र हे सारे अजून संशोधनात आहे आणि काकांचे उपचार त्यावर ठरणार नव्हते.

"तो स्कॅन झालाच असे धरा," मी विचारले, "त्याच्या उत्तराचे तुम्ही काय करणार?"

काका बराच वेळ बाटलीचे झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "कळेल तरी. दोष औषधाचा की माझा." मेहुण्याने त्यांना सुनावले होते, "तुझी इम्युनिटीच कमी, म्हणून झालं हे." रात्रपाळ्या, अवेळी जेवण, तीस वर्षांची विडी यांचा हिशोब काका रोज रात्री मांडत होते. त्यांना स्कॅन नको होता, निकाल हवा होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. त्यानंतर हा प्रश्न ज्या ज्या रुग्णाने विचारला, त्याच्या मागे मला हाच हिशोब सापडत गेला.

विडीने या कर्करोगाचा धोका वाढतो, हे मी लपवले नाही. पण 'माझे शरीर लढलेच नाही' या वाक्याला पुरावा काय, असे विचारले. या प्रकारच्या गाठी तपासल्या तर त्यांत लढाऊ पेशी पुष्कळदा मोठ्या संख्येने आढळतात. त्या पोहोचलेल्या असतात, पण थकवून, रोखून ठेवलेल्या असतात. बहुतेक कर्करोगांत अशा पेशींची गर्दी शुभ मानतात, या कर्करोगात मात्र अनेकदा उलटे दिसले आहे, त्यामुळे नुसती संख्या कळून निकाल लागत नाही. पेम्ब्रोलिझुमॅब पेशींची संख्या वाढवायला दिलेले नसते, ते त्यांच्यावरचा अटकाव काढते.

काकांनी मान वर केली. "म्हणजे इंजिन चालू आहे, ब्रेक चिकटलेत."

"तुमच्या गाठीत काय आहे ते मी पाहिलेले नाही," मी म्हणाले, "पण या आजारात सहसा असेच असते."

"मग आम्ही इंजिनात तेल ओतत बसलोय," असे म्हणून त्यांनी डबे पिशवीत टाकले. इतक्या वर्षांत इतकी चपखल उपमा मला सुचली नव्हती, हे कबूल करते. काढ्यांविषयी एवढेच सांगते : गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि या उपचारातही यकृताला सूज येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून काही घेऊ नये. जुलाब, धाप, अंगावर पुरळ यांपैकी काही झाले, तर पुढच्या सलाइनची वाट न पाहता कळवावे. आणि नातेवाइकांनी 'लढ' हा शब्द जपून वापरावा, कारण गाठ वाढली की तोच शब्द आरोप होतो.

पहिल्या सीटीत एक गाठ तेवढीच होती, दुसरी थोडी मोठी. इम्युनोथेरपीत क्वचित पेशींच्या गर्दीने गाठ आधी फुगते, म्हणून रुग्णाची प्रकृती बरी असेल तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून मगच वाढ पक्की धरण्याची रीत २०१७ पासून मांडलेली आहे. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. बाहेर आल्यावर काकांनी मला तारखेची चिठ्ठी दाखवली. "आत्ता काहीच सांगता येत नाही म्हणाले," ते म्हणाले आणि चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवून काकूंना विचारले, "साडेपाचची गाडी मिळेल ना?"