सागरगोट्यात सागर कुठून आला?

प्रश्न असा आलाय : "माण तालुक्यातली आमची आजी 'गजगं' म्हणायची, पुण्यातल्या मैत्रिणी 'सागरगोटे' म्हणतात. दोन्ही एकच का? आणि आमच्या दुष्काळी भागात सागर कुठला?"

एकच. त्याच राखाडी, गुळगुळीत बिया; फरशीवर घासून शेजाऱ्याला चटका द्यायच्या त्याच. आमच्या तासगावकडे ही झुडपं कुंपणाला असत आणि शेळीसुद्धा त्या वाटेला जात नसे. पानांच्या दांड्यांवर मागं वळलेले आकडीसारखे काटे. हात आत सहज जातो, बाहेर येताना सदरा मागं राहतो. फुलं पिवळी, तुऱ्यानं येणारी. शेंग चपटी, तिच्यावरही काटेच, आणि आत बहुधा दोन बिया. म्हणजे डावाला पाच गजगे हवेत तर निदान तीन शेंगा फोडायच्या आणि तेवढं ओरबाडून घ्यायचं.

आता सागर. कुंपणाला लावलं म्हणून हे झुडूप आपल्या माळावर दिसतं, एरवी ते उष्ण प्रदेशातल्या समुद्रकिनाऱ्यांवरचं. बीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही (पेरायची तर आधी कानशीनं घासावी लागते), आणि आत पोकळी. त्यामुळं बी बुडत नाही, लाटांवर महिनोन् महिने तरंगते. पार स्कॉटलंडच्या बेटांपर्यंत अशा बिया वाहत गेल्या आहेत. तिथली माणसं त्या ताईत म्हणून बाळगत. तेव्हा 'सागर' इथं शोभेला नाही. 'गोटा' तर गारगोटीतला आणि खोबऱ्याच्या गोट्यातलाच.

'गजगा' शब्दात मात्र हत्ती शोधू नका. कानडीत याला गज्जुग म्हणतात, तेलुगूत गच्चकाय. सांगलीकडं कानडी उंबऱ्यापर्यंत आलेली, त्यामुळं हा शब्द त्याच गोतातला असं माझं मत. संस्कृतवाल्यांना या बीत कुबेराचा डोळा दिसला, म्हणून कुबेराक्ष. लताकरंज हेही यालाच म्हणतात.

खरी गंमत शास्त्रीय नावात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये याला 'ग्विलांडिना बोंडुक' म्हटलं. हा बोंडुक म्हणजे अरबी 'बुंदुक', एक गोल, कवचाचं फळ. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून आपली बंदूक! आजीच्या बटव्यातला गजगा आणि फौजदाराची बंदूक यांचं नातं असं निघतं.

वापराचं म्हणाल तर खेळाला दोन्ही नावं चालतात, काटेरी झुडपाला आमच्याकडं गजगाच, आणि बाळगुटीचं सामान आणायला गेलात तर दुकानात सागरगोटा मागा. लिहिताना अनेकवचन 'गजगे' करा, पण आजीच्या तोंडी 'गजगं'च राहू द्या.